लाल भोपळ्याचं बी: आधी कपात रुजवायचं की सरळ आळ्यात टोकायचं?

कोवळा_कोंब:

लाल भोपळ्याच्या बियांचं एक पाकीट हाताशी आहे. बिया थोड्याच, दहा-बारा असतील. घरामागच्या तुकड्यात तीन आळी खणून, कुजलेलं शेणखत मिसळून ठेवली आहेत. गाडी अडलीय ती यापुढे. बी घरात कपांमध्ये रुजवून रोपं लावावीत की सरळ आळ्यात टोकावं?

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, भोपळ्याचं बी कुणी लाडानं घरात वाढवतं का, उकिरड्यावर फेकलं तरी उगवतं. भाऊ रोज एक व्हिडिओ पाठवतो, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ट्रे, दिवे, थर्मामीटर असा सगळा सरंजाम असतो. मला दोघांचंही पटतं, ही खरी अडचण.

परिस्थिती सांगतो. रात्री अजून गार आहेत. पहाटे माती हाताला थंड लागते, दुपारी मात्र ऊन चांगलं तापतं. घरात पूर्वेकडे एक खिडकी आहे, तिथे सकाळी दोन-तीन तास ऊन येतं, मग दिवसभर नुसता उजेड. कप, रद्दी आणि थोडं कोकोपीट घरात आहे. ट्रे विकत घेईन, पण खरंच लागणार असेल तरच.

दोन्ही करून पाहिलेल्यांनी सांगा. आणि कृपया 'दोन्ही चालतं' असं उत्तर नको, ते मला आधीच माहीत आहे.


परसदारी:

तुमच्या आईच्या बाजूनं मत. थेट टोका. एका आळ्यात चार बिया, बोटाच्या एका पेराइतक्या खोल, वरून हलकं पाणी, आणि विसरून जा. वेलवर्गातल्या कुठल्याही रोपाला मुळं हलवलेली खपत नाहीत. कपात वाढवलेलं रोप आणि त्याच दिवशी आळ्यात टोकलेलं बी शेजारी शेजारी ठेवा, वेल पसरल्यावर कुठला कोणता ते सांगता येत नाही. मग एवढा उपद्व्याप कशासाठी?


खारीने_खाल्लं:

'विसरून जा' हे ज्यांच्याकडे खारी आणि उंदीर नाहीत त्यांनी म्हणावं. माझ्याकडे संध्याकाळी टोकलेलं बी सकाळी उकरलेलं, शेजारी टरफलं व्यवस्थित सोलून ठेवलेली. भुसभुशीत केलेली ताजी माती दिसली की त्यांना बरोबर कळतं. भोपळ्याचं बी म्हणजे आत नुसता तेलकट गर, ते सोडतील कसे? बिया थोड्या आहेत म्हणताय, तर घरात रुजवा.


रोपवाटिकावाली:

माझा धंदाच रोपं विकायचा आहे, तेव्हा मी 'रोपं करा' असंच सांगणार, असं वाटेल. पण भोपळ्याची रोपं मी नाइलाजानं करते, लोक मागतात म्हणून. आणि ती वेळेत गेली नाहीत की खतात टाकते, कमी भावात काढत नाही. का, ते लिहिते. लांबेल, पण प्रश्नात मातीची आणि खिडकीची नीट माहिती दिली आहे, म्हणून लिहावंसं वाटतंय.

आधी उकिरड्याचा मुद्दा, कारण या प्रश्नावर तो दर वेळी निघतो. आईचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. पण उकिरड्यावर उगवतं ते का? कुजणारा ढीग आतून गरम असतो म्हणून. भोपळ्याच्या बियाला ऊब लागते. मातीचं तापमान १५-१६ अंशांच्या खाली असेल तर ते जवळजवळ हलत नाही. २१ च्या वर गेलं की आठवडा-दहा दिवसांत वर येतं, आणि ३० ते ३५ अंशांना सगळ्यांत झपाट्यानं, चार-पाच दिवसांतसुद्धा. थंड मातीत बी थंडीनं मरतं असा समज आहे. ते मरतं ताटकळून. पाणी पिऊन फुगलेलं बी गार ओल्या मातीत पडून राहिलं की मोड फुटायच्या आधीच त्याला बुरशी गाठते. उकरून पाहिलं तर आत पांढरा लगदा सापडतो आणि माणूस म्हणतो, बी खराब निघालं. बी चांगलंच होतं.

तेव्हा पहिलं काम, माती मोजा. साधा थर्मामीटर पाच सेंटीमीटर खोल खुपसायचा, आणि तोही सकाळी, उन्हं चढायच्या आत. दुपारी मोजून उपयोग नाही, दुपारी सगळ्यांचीच माती छान असते. चार-पाच सकाळी लागोपाठ १८ च्या वर आकडा दिसला तर परसदारी म्हणतात ते करा, थेट टोका, माझं पुढचं वाचायची गरज नाही. तुमच्या वर्णनावरून मात्र तो आकडा अजून यायचाय असं दिसतं.

आता मुळं. टोमॅटोचं किंवा वांग्याचं रोप उपटून दुसरीकडे लावलं तरी ते दोन दिवस रुसतं आणि मग चालू लागतं, कारण तुटलेल्या मुळाला नवी मुळं भराभर फुटतात. भोपळा, काकडी, दोडका, कलिंगड या मंडळींचं तसं नाही. यांच्या मुळांवर बुचाचा थर लवकर चढतो आणि नवी पांढरी मुळं फुटायला फार वेळ लागतो. तोवर वर पानं पसरलेली आणि खाली पाणी ओढणारं कुणी नाही, अशी अवस्था होते. शिवाय सोटमूळ सरळ खाली सुटतं. भुसभुशीत जमिनीत ते पुढे मीटरभराहून खोल जातं. कपात मात्र वरची पहिली पानं उलगडेपर्यंत ते तळाला टेकलेलं असतं. तळाला टेकलं की वळतं, वळलं की गोल फिरू लागतं.

म्हणून भोपळ्याच्या रोपाची किंमत त्याच्या वयावर ठरते, आकारावर नाही. दोन, फार तर तीन आठवड्यांचं रोप. दोन जाड बीजपत्रं, म्हणजे बियातूनच निघणारी पहिली पानं, आणि त्यावर एक किंवा दोन खरी, कातरलेली पानं. बस. यापुढचं रोप मी स्वतः लावणार नाही. आणि गंमत बघा, रोपवाटिकेत येणारा माणूस हमखास सगळ्यांत मोठं रोप उचलतो. पाच-सहा पानं, टोकाला पकड घ्यायचे धागे फुटलेले, एखादी कळीसुद्धा. मी ते त्याच्या हातातून काढून घेते आणि शेजारचं दोन पानांचं पुढे करते. त्याला वाटतं ही बाई कमअस्सल माल माझ्या गळ्यात मारतेय. काहीजण तर रागावून मोठंच घेऊन जातात. कपात असताना आलेली कळी हे मुळं कोंडल्याचं लक्षण आहे, पण कळी बघून कुणाला आनंद होणार नाही? असं रोप लावलं की बरेच दिवस नुसतं जागच्या जागी बसून राहतं, आणि तेवढ्यात शेजारी टोकलेलं बी त्याला मागे टाकून जातं. परसदारी यांनी जे पाहिलंय ते बहुधा हेच. नीट वयात, मूळ न दुखवता लावलेलं रोप मात्र फळ थोडं लवकर देतं, हे मान्य करायला हवं. एकूण फळं जास्त देतं असं नाही, लवकर देतं.

तिसरी गोष्ट तुमची खिडकी. दोन-तीन तासांचं ऊन भोपळ्याला पुरत नाही. याचं बी मोठं, बरोबर घसघशीत शिदोरी घेऊन आलेलं. त्यामुळे उजेड कमी असला तरी सुरुवातीला ते जोमानं वाढतं आणि आपण खूश होतो. पण ती वाढ सगळी उंचीत जाते. बीजपत्रांखालचा दांडा लांब, पांढुरका, किडकिडीत, रोप काचेकडे झुकलेलं. बाहेर नेलं की पहिल्या वाऱ्याला आडवं. भावाच्या व्हिडिओतले दिवे उगाच नसतात. रोज १४ ते १६ तास, तेही रोपाच्या डोक्यावर वीतभराच्या आत. तेवढं करणार असाल तर करा. नाहीतर खिडकीच्या भरवशावर तीन आठवडे रोप ठेवू नका.

मग तुमच्यासाठी काय? बी घरात फक्त मोडावर आणा आणि मोड आलेलं बी आळ्यात टोका. ऊब लागते ती उगवायला, ती घरात फुकट मिळते. ऊन लागतं ते वाढायला, ते बाहेर फुकट आहे. मोड यायला उजेड लागत नाही, त्यामुळे खिडकीचा प्रश्नच मिटला. आणि मूळ कपात अडकतच नाही.

कृती अशी. बिया कोमट पाण्यात सहा-आठ तास भिजवायच्या. चोवीस तासांच्या पुढे नाही, पाण्यात गुदमरतात. मग सुती फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, इतकं की पुन्हा पिळलं तर थेंब पडू नये. त्यात बिया एकमेकींना न चिकटता पसरायच्या, गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवायच्या आणि डबा उबदार जागी, फ्रीजच्या डोक्यावर वगैरे. झाकण रोज एकदा उघडा, हवा खेळू दे. तिसऱ्या दिवसापासून बघत राहा. टोकदार बाजूनं पांढरं मूळ डोकावेल. अर्धा ते एक सेंटीमीटर झालं की ते बी टोकायचं, सगळ्यांची वाट बघायची नाही. मूळ फडक्यात घुसलं असेल तर ओढायचं नाही, फडक्याचा तेवढा तुकडा कापून त्यासकट मातीत. मूळ मोडलं तर ते बी गेलं म्हणून समजा.

टोकताना माती वाफशावर हवी. चिखल नको, कोरडीठाक तर अजिबात नको, कारण मोड आलेल्या बियाला आता थांबता येत नाही. मूळ खाली करून ठेवा, वर दोन-अडीच सेंटीमीटर भुसभुशीत माती, हातानं दाबायची नाही. आळ्याच्या मध्ये थोडा उंचवटा करून तिथे टोकलं तर पाणी साचत नाही आणि उंचवटा लवकर तापतो. वर पाण्याच्या मोठ्या बाटलीचा तळ कापून ती कापलेली बाजू खाली करून घाला, बूच काढून, कडा मातीत दोन बोटं खुपसून. रात्रीची ऊब राहते आणि खारीने_खाल्लं यांचाही प्रश्न बराचसा सुटतो. मात्र रात्री १० अंशांच्या खाली जात असतील तर थोडं थांबाच. थंडी लागलेलं भोपळ्याचं रोप मरत नाही कधीकधी, पण सुधारतही नाही.

सगळ्या बिया एकदम भिजवू नका. निम्म्या ठेवा. आणि भिजवलेल्यांपैकी दोन कपांत लावून ठेवा, आळ्यात एखादी दगावली तर जागा भरायला.


परसदारी:

वाचलं. तापमानाचं पटलं. पण एक शंका आहे. वर्तमानपत्राचा कप करून कपासकट लावला तर मूळ हलतंय कुठे? हे तर सगळे सांगतात. मग रोप करायला भीती कसली?


रोपवाटिकावाली:

हे सगळे सांगतात, आणि पुढचं कुणी सांगत नाही. कागद विरघळतो तो मातीत सतत ओल असेल तर. लावल्यावर चार दिवस पाणी कमी पडलं की तोच कागद वाळून कडक होतो आणि मूळ आतच फिरतं. नंतर उपटून पाहा, कपाच्या आकाराचा मुळांचा गोळा जसाच्या तसा निघतो. म्हणून लावायच्या आधी कागदी कप पाण्यात बुडवून चिंब करायचा, तळ फाडून टाकायचा, बाजूंना दोन-तीन उभ्या चिरा द्यायच्या. पुठ्ठ्याचे किंवा पीटचे तयार कप असतात त्यांनाही हेच.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. कपाची वरची कड मातीच्या वर राहू द्यायची नाही. राहिली तर ती हवेला पाणी देत बसते, दिव्याच्या वातीनं तेल ओढावं तसं आतलं पाणी ओढून वाळवते. कड फाडा किंवा मातीखाली गाडा.

कोकोपीटचंही असंच. बाजूची माती ओली दिसते म्हणून आपण पाणी देत नाही, आणि मधला कोकोपीटचा गोळा कोरडा पडलेला असतो, कारण रोपाची सगळी मुळं अजून त्याच गोळ्यात असतात. पहिला आठवडा पाणी बुंध्याशी द्यायचं, आळ्याच्या कडेला नाही. रोप 'धक्क्यानं' गेलं म्हणतात त्यातली बरीच तहानेनं गेलेली असतात.


गारठा:

थंड हवामानातून लिहितोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे शेवटचा हिमतुषार गेल्यापासून पुढचा येईपर्यंतचे दिवस मोजके. भोपळ्याला बी टोकल्यापासून फळ पिकेपर्यंत जातीनुसार ९० ते १२० दिवस हवेत. माती तापायची वाट बघत बसलो तर फळ हिरवं असतानाच वेल थंडीनं काळी पडते. त्यामुळे आम्ही रोपंच करतो, दुसरा इलाज नाही. पण ताई म्हणतात ते वयाचं आम्हीही पाळतो. बाहेर लावायच्या तारखेपासून उलटं मोजून फार तर तीन आठवडे आधी बी कपात, त्याआधी हात शिवशिवले तरी नाही.

शिवाय रोप एकदम बाहेर नेत नाही. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडं जास्त ऊन, थोडा वारा, पाणी जरा कमी. आठवडाभरात पानं जाड आणि गडद होतात. घरातलं कोवळं पान सरळ कडक उन्हात गेलं की पांढरं पडतं. आळ्यावर काळं प्लास्टिक आधीपासून अंथरून ठेवलं की माती लवकर तापते, तेही करतो.

आणि अगदी राक्षसी भोपळे करणारे लोक तर रोपाशिवाय बोलतच नाहीत. २०२३ साली कॅलिफोर्नियात हाफ मून बेच्या स्पर्धेत १२४७ किलोचा भोपळा निघाला. त्या 'अटलांटिक जायंट' कुळातल्या बियांचं कवच इतकं जाड असतं की ते लोक बियाची कड कानशीनं किंवा सँडपेपरनं हलकेच घासतात, टोकदार बाजू सोडून, म्हणजे पाणी आत शिरतं. मग गरम जागी रुजवून, रोप करून बाहेर.


रोपवाटिकावाली:

गारठा, तुमच्या हवामानात मी पण रोपंच केली असती. हंगाम तोकडा असेल तर चर्चाच नाही. फक्त त्या राक्षसी भोपळेवाल्यांचं उदाहरण नवशिक्याला देऊ नये असं माझं मत. त्यांचा कप हा कप नसतो, बादली असते म्हणा ना. खाली तापणारी गादी, वर दिवे, आणि बाहेर लावल्यावर एकेका रोपावर प्लास्टिकची स्वतंत्र खोपी. वेलीवर शेवटी एकच फळ ठेवतात. तो खेळ वेगळा.

कड घासायचं मात्र साध्या भोपळ्याला करू नका. त्याचं कवच पातळ असतं, भिजवलं की पुरे. घासताना आतल्या गराला इजा झाली तर बुरशीला दार उघडं.


कोवळा_कोंब:

सगळ्यांचे आभार. ताईंची पद्धत केली. आईला सांगितलं की उकिरडा गरम असतो म्हणून उगवतं, तर म्हणाली, मग मी काय वेगळं सांगत होते.

सकाळी माती मोजली तर १६-१७ येत होती, आता १८ दिसायला लागली आहे. फडक्यातल्या बहुतेक बियांना मोड आले, ते तिन्ही आळ्यांत टोकून वर बाटल्या घातल्या. दोन कपांत लावल्या होत्या.

आता पुढचे प्रश्न. एक, दोन बिया फडक्यात तशाच बसल्यात, मोड नाही. टाकून देऊ? दोन, कपातलं एक रोप वर आलंय पण बीजपत्रं टरफलातच अडकली आहेत, टोपी घातल्यासारखी. हातानं काढू का? तीन, बाटलीच्या आत दुपारी वाफ धरते, रोपं शिजणार नाहीत ना?


खारीने_खाल्लं:

बाटलीचं मलाही विचारायचं होतं. बूच काढलं तरी आत हात घातल्यावर चटका बसतो.


रोपवाटिकावाली:

बाटली आधी. ऊन तापायला लागलं की बाटली काढायची आणि संध्याकाळी पुन्हा घालायची. घरी नसाल तर दोन्ही बाजूंना मोठी भोकं पाडा आणि दुपारपुरती सावली होईल असं काहीतरी टेका. रात्री गार राहिनाशा झाल्या आणि पहिलं खरं पान आलं की बाटल्यांचं काम संपलं. खारींसाठी बाटलीऐवजी बारीक तारेची जाळी घुमटासारखी वाकवून घातली तर दिवसभर ठेवता येते. जाळीच्या कडा मातीत खोल गाडा. रोपाला दोन खरी पानं आली की खारींना त्यात रस उरत नाही, त्यांना बी हवं असतं.

मोड न आलेल्या बिया बोटानं दाबून बघा. टणक असतील तर ठेवा आणखी काही दिवस, फडकं मात्र नवं घ्या. मऊ लागल्या, बुळबुळीत झाल्या, वास आला तर टाका. एक सडकं बी शेजारच्यांना घेऊन जातं.

आता टोपी. यामागची गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा सविस्तर. भोपळ्याच्या कोंबाला, मूळ आणि दांडा जिथे जुळतात तिथे एक छोटी टाच फुटते. ती टाच टरफलाच्या खालच्या पाकळीला मातीत दाबून धरते, आणि वरचा दांडा कमानीसारखा ताठ होताना बीजपत्रं टरफलातून खेचून बाहेर काढतो. टरफल मातीतच राहतं. पण यासाठी टरफलावर मातीचं वजन हवं आणि ते ओलं, मऊ हवं. बी फार वर टोकलं गेलं किंवा वरचा थर सुकला तर टाचेला पकड मिळत नाही, आणि रोप टरफल डोक्यावर घेऊनच वर येतं. बी उभं टोकलं तरी असं होतं. म्हणून कोरडं बी टोकताना आडवं टोकावं, टोक वर-खाली करत बसू नये. मोड आलेल्याची गोष्ट वेगळी, तिथे मुळाची दिशा दिसतेच.

काढायची घाई नको. कोरडं टरफल ओढलं तर बीजपत्राचा तुकडाही बरोबर येतो, आणि सध्या रोपाचं सगळं अन्न तिथेच आहे. टरफलावर पाण्याचा थेंब ठेवा, वर ओला कापूस ठेवला तरी चालेल. संध्याकाळपर्यंत मऊ पडेल. मग कडेला नखानं किंचित उकला आणि सोडून द्या. बहुतेक वेळा रात्रीतून रोप आपणच फेकून देतं.

आणि रोप वर आलं की रोज सकाळी लवकर बीजपत्रं बघत जा, खालून सुद्धा. तांबडे भुंगेरे याच वयाच्या रोपावर तुटून पडतात, गोल गोल भोकं पाडतात. मोठ्या वेलीला त्यांचं फारसं काही वाटत नाही, पण दोन बीजपत्रांचं रोप एका दिवसात संपतं. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. ऊन चढलं की उडून जातात. मच्छरदाणीचं जुनं कापड वरून घातलं तर उत्तमच. फक्त फुलं यायला लागली की ते काढा, नाहीतर मधमाशी आत येणार कशी आणि फळ धरणार कसं?


परसदारी:

माझ्याकडून भर. आळ्यात चारही उगवले तर दोन ठेवा. विरळणी करताना जीव तुटतो हे मान्य आहे. पण चार ठेवले की सगळेच अर्धपोटी राहतात.


कोवळा_कोंब:

टोपी सुटली! थेंबाची युक्ती चालली. दोन आळ्यांत सगळे वर आलेत, तिसऱ्यात फक्त एक. पहिल्या आळ्यातलं जास्तीचं रोप मुळासकट काढून तिसऱ्यात लावू का? छान आहे हो, कापवत नाही.


रोपवाटिकावाली:

नको. काढायला गेलात तर ते तर जाईलच, पण ज्याला ठेवायचंय त्याची मुळंही त्याच्यात गुंतलेली असतात, तीही तुटतील. जास्तीचं रोप कात्रीनं जमिनीलगत कापा, उपटू नका. सगळ्यांत उंच ते चांगलं असं धरू नका, बुटकं, जाड दांड्याचं ठेवा.

तिसऱ्या आळ्यात कपातलं लावा, त्यासाठीच ते वेगळं ठेवलं होतं. पहिलं खरं पान तळहाताच्या निम्म्याएवढं झालं असेल तर हीच वेळ. आधी चार-पाच दिवस रोज थोडा वेळ बाहेर नेऊन उन्हाची सवय करा, गारठा यांनी लिहिलंय तसं. लावायच्या दिवशी दुपारी कपात भरपूर पाणी द्या म्हणजे माती एकसंध राहील. ऊन उतरल्यावर लावा. कप कापून बाजूला करा, रोप दांड्याला धरून ओढू नका. धरायचंच झालं तर बीजपत्राला धरा, ते फाटलं तर चालतं, दांडा चिरडला तर नाही. जितकं खोल कपात होतं तितकंच खोल आळ्यात. लावल्या लावल्या बुंध्याशी पाणी, मग आंबवणी, म्हणजे दुसरं पाणी, तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस दुपारी पानं मलूल दिसतील, संध्याकाळी पुन्हा उभी राहिली तर काळजी नाही. सकाळीसुद्धा पडलेली दिसली तर बुंध्याशी बोट खुपसून बघा, गोळा कोरडा असेल.

खत आत्ता काही घालू नका, आळ्यात शेणखत आहे तेवढं पुरे. वेल जमिनीवर धावायला लागली की बघू.